ताईला पत्र: टेक्स्ट गेम कुठून सुरू करावेत

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रेवाला वाचून-टाइप करून खेळायचे गेम हवेत, भाऊजींनाही उत्सुकता आहे, तर यादी पाठव, असं तू लिहिलंस. नुसती यादी पाठवली तर रेवा त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध नाव उचलणार, आणि बहुतेकांचं बिनसतं ते तिथेच. म्हणून आधी सांगतो: 'कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर' किंवा 'झॉर्क'ने सुरुवात करू नका. विल क्राउदरने 1976 च्या सुमारास लिहिलेला आणि 1977 मध्ये डॉन वुड्सने वाढवलेला 'कोलोसल केव्ह', आणि त्याच्या पाठोपाठ एमआयटीत जन्मलेला 'झॉर्क', हे दोन्ही चिवटपणे आठवडेच्या आठवडे डोकं लावणाऱ्यांसाठी होते. दिव्याची बॅटरी संपते, चक्रव्यूहातल्या खोल्या एकसारख्या दिसतात. चक्रव्यूहात खुणेसाठी एकेक वस्तू टाकत जायची, ही जुनी युक्ती. पण 'झॉर्क'मधला चोर त्या वस्तूसुद्धा उचलतो. हे सगळं मजेचं आहे, पण दहावा गेम म्हणून.

पहिला गेम ॲडम केडरचा '9:05' (2000). दहा-पंधरा मिनिटांत संपतो. फोनच्या आवाजाने जाग येते, कामाला उशीर झालेला असतो, एवढंच सांगतो. संपल्यावर लगेच दुसऱ्यांदा खेळायचा. इंटरनेटवर त्याच्याबद्दल आधी काही वाचू नका.

त्याआधी कमांड समजून घ्या. टाइप इंग्रजीतच करायचं. 'एल' म्हणजे आजूबाजूला बघणं, 'आय' म्हणजे जवळच्या वस्तू, 'एक्स' आणि पुढे वस्तूचं नाव म्हणजे ती नीट न्याहाळणं, 'झेड' म्हणजे थांबणं, 'जी' म्हणजे मागचीच कृती पुन्हा. दिशांना एन, एस, ई, डब्ल्यू आणि त्यांच्या जोड्या. नवीन माणूस 'एक्स' फार कमी वापरतो. खोलीच्या वर्णनात आलेलं प्रत्येक नाम एकदा 'एक्स'ने तपासायचं. त्या वर्णनात नवं नाम आलं तर तेही. निम्मी कोडी इथेच सुटतात.

आजकाल चॅटबॉटची सवय असल्याने रेवा लांबलचक वाक्यं किंवा प्रश्न टाइप करेल. पार्सरला, म्हणजे टाइप केलेली कमांड वाचणाऱ्या गेमच्या भागाला, ते कळत नाही. त्याला क्रियापद आणि नाम हवं; फार तर 'अमुक तमुकात ठेव' इतकं. उत्तरं वाचण्यातही एक खोच आहे. इन्फॉर्म या गेम लिहायच्या साधनात लिहिलेल्या गेममध्ये 'यू कान्ट सी एनी सच थिंग' असं आलं, तर वस्तू इथे नाही असाही अर्थ असतो आणि तो शब्दच गेमला माहीत नाही असाही. दोन्हीला संदेश एकच. मग वर्णनात जो शब्द छापला आहे नेमका तोच वापरून बघायचा. क्रियापद अडलं तर मात्र गेम तसं वेगळं सांगतो. (इन्फोकॉम या जुन्या कंपनीचे सुरुवातीचे गेम तर शब्दाची पहिली सहाच अक्षरं बघतात, पुढे काहीही लिहा.)

दुसरा गेम 'लॉस्ट पिग' (2007). ग्रंक नावाचा ऑर्क हरवलेलं डुक्कर शोधतोय, आणि सगळं निवेदन त्याच्याच मोडक्यातोडक्या इंग्रजीत आहे. रेवाला हा फार आवडेल, कारण वेडगळ गोष्टी करून बघितल्या तरी लेखकाने त्याचं उत्तर लिहून ठेवलेलं असतं. वाटेल ते खाऊन, जाळून, ढकलून बघू दे. त्यानंतर एमिली शॉर्टचा 'ब्राँझ' (2006). यात नवख्यांसाठी वेगळी सोय आहे आणि ओळखीच्या खोलीकडे एका कमांडने जाता येतं. वाडा मोठा आहे, तेव्हा कागदावर नकाशा काढायचा: खोलीला चौकोन, वाटेला रेघ, आणि रेघेच्या दोन्ही टोकांना दिशा लिहायची. बऱ्याच गेममध्ये पूर्वेला गेलेली वाट पश्चिमेने परत येत नाही. एकाच टोकाला दिशा लिहिली की नकाशा हमखास चुकतो.

गेम निवडताना तो किती निर्दय आहे ते बघा. अँड्र्यू प्लॉटकिन या गेम-लेखकाने याच्या पाच पायऱ्या ठरवल्या आहेत. 'मर्सिफुल'मध्ये अडकताच येत नाही. 'पोलाइट'मध्ये मेलात किंवा अडकलात तर लगेच कळतं. 'टफ'मध्ये परत न फिरणारी कृती करण्याआधी कळतं, 'नॅस्टी'मध्ये केल्यानंतर, आणि 'क्रूएल'मध्ये तेव्हाही कळत नाही. 1984 चा 'हिचहायकर्स गाइड' शेवटच्या जातीतला: सुरुवातीला कुत्र्याला सँडविच दिलं नाही, तर खूप पुढे जाऊन गेम जिंकणं अशक्य होतं. असल्या गेममध्ये एकाच नावाने सेव्ह करत राहणं घातक. दर टप्प्याला नवं नाव द्यायचं आणि जुन्या फाइल ठेवायच्या. 'अनडू'ने एक-दोन चाली मागे जाता येतं, पन्नास चालींमागची चूक त्याने सुटत नाही. जुन्यांपैकी कित्येकांत तर 'अनडू' नव्हतंच.

भाऊजींसाठी प्लॉटकिनचाच 'स्पायडर अँड वेब' (1998). पकडलेल्या हेराची चौकशी चालू आहे, तुम्ही घडलेलं खेळून दाखवता, आणि चौकशी करणारा म्हणतो, असं झालंच नाही. मध्यावर एक कोडं आहे, त्याचं उत्तर कुठेही शोधायचं नाही. दोन दिवस लागले तरी चालतील. ते जमलं तर 'अँकरहेड' (1998): भीतीचा, लांबलचक, वेगवेगळ्या नावांनी सेव्ह करायची सवय लागल्यावरच हातात घ्यायचा.

तुझ्यासाठी कोडी नकोत, गोष्ट हवी, म्हणून 'फोटोपिया' (1998). त्या वर्षीच्या इंटरॅक्टिव्ह फिक्शन कॉम्पिटिशनमध्ये तो पहिला आला. ही स्पर्धा 1995 पासून दर वर्षी होते आणि परीक्षकाने फार तर दोन तास खेळून गुण द्यायचे असतात. म्हणून तिथले बरेच गेम एका बैठकीत संपतात, आणि फुकट असतात. टाइप करायचाच कंटाळा असेल तर पर्याय निवडायचे गेम घे. विकतच्यांपैकी '80 डेज' (2014) उत्तम, फोनवरही चांगला चालतो. सामान एका शहरात घेऊन दुसरीकडे विकायचं. पैसे संपले तर बँकेत मिळतात, पण त्यापायी दिवस जातात. पार्सरचे गेम मात्र फोनवर नकोत, ऑटोकरेक्ट एकाक्षरी कमांडची वाट लावतो.

कॉम्प्युटरवर फाइल डबल-क्लिक करून उघडत नाही, तिला इंटरप्रिटर, म्हणजे ती चालवणारा वेगळा प्रोग्रॅम, लागतो. 'गार्गॉइल' घ्या, जवळजवळ सगळे प्रकार चालतात. 'फ्रॉट्झ' या दुसऱ्या इंटरप्रिटरमध्ये फक्त झेड-मशीन या प्रकारच्या, म्हणजे झेड-5, झेड-8 अशा फाइल चालतात. गेमची नवी आवृत्ती आली म्हणून जुनी फाइल पुसू नका: सेव्ह ज्या आवृत्तीत केलं तिच्यातच ते उघडतं. ब्राउझरमध्ये खेळलात तर सेव्ह ब्राउझरच्या साठ्यात राहतं, हिस्ट्रीबरोबर साइटचा डेटा साफ केला की गेलं. आणि सुरुवातीलाच 'स्क्रिप्ट' अशी कमांड दिली की पुढचा सगळा खेळ मजकूर म्हणून फाइलमध्ये उतरतो. रेवा अडकली तर ती फाइल मला मेल करायला सांग. उत्तर सांगणार नाही, इशारा देईन.

तिला स्वतः गेम लिहावासा वाटला तर 'ट्वाइन' हे साधन घ्यायचं. फुकट आहे, प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही, आणि मराठी व्यवस्थित चालतं, कारण शेवटी बनते ती साधी एचटीएमएल फाइल. परिच्छेदात दुहेरी चौकटी कंसात शब्द लिहिला की त्याची लिंक आणि पुढचा परिच्छेद दोन्ही तयार होतात. पहिल्या गोष्टीला दहा-बारा परिच्छेदच ठेवू दे. प्रत्येक वाटेला दोन फाटे आणि त्यांना परत दोन असं केलं, तर पाचव्या निवडीला 32 शेवट लिहावे लागतात, आणि गोष्ट तिथेच सोडून दिली जाते. दोन-तीन चालींनी वाटा पुन्हा एकत्र आणायच्या, आधी काय निवडलं ते व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या नोंदीत, लक्षात ठेवायचं. ट्वाइनसुद्धा ब्राउझरमध्ये वापरलं तर गोष्ट ब्राउझरच्याच साठ्यात राहते, तेव्हा रोज काम संपवून उठताना आर्काइव्हची, म्हणजे सगळ्याची प्रत असलेली, फाइल उतरवून घ्यायला सांग.

भाऊजींना नमस्कार, रेवाला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा भाऊ