रिपोर्ट नॉर्मल, तरी तू दमलेलाच

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा काकांच्या तब्येतीचंच काय ते डोक्यात राहिलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की सहा पानांत तू स्वतःविषयी जेमतेम चार ओळी लिहिल्या आहेस आणि त्यातली शेवटची तर कंसात टाकली आहेस : ‘माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. म्हणजे मी नाटकच करतोय की काय, असं वाटायला लागलंय.’

हे पत्र त्या कंसाला उत्तर आहे. काकांबद्दल शेवटी लिहितो.

माझी गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी मी असाच गळून गेलो होतो. रात्री झोपताना जेवढा दमलेला, त्याहून जास्त सकाळी उठताना. जिना चढायचा म्हटलं की पायांत मणामणाच्या बेड्या. बोलता बोलता साधा शब्द आठवेना. मी सगळं ऑफिसातल्या ताणावर ढकललं, कारण तेव्हा तिथलं वातावरणही तसंच होतं. रजा टाकली, भरपूर झोपलो, उठलो, पुन्हा तेच. शेवटी बायकोने धरून डॉक्टरकडे नेलं आणि रक्त तपासल्यावर थायरॉइड मंदावल्याचं निघालं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हॉर्मोन, भलतंच चढलेलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं! दुखण्याला नाव मिळालं, कागदावर आकडा मिळाला. घरातला सूर त्या एका संध्याकाळी बदलला. कालपर्यंत मी ‘आळशी झालाय’ होतो, तो ‘बरं नाहीये त्याला’ झालो.

गोळी सुरू झाली. काही आठवड्यांनी पायातल्या बेड्या गेल्या, शब्दही परत आले. पण थकवा सगळा गेला नाही, आणि हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. टीएसएच जाग्यावर आलं तरी मान आखडलेली, पहाटे तीनला डोळे टक्क उघडे, संध्याकाळी कोणी हाक मारली तरी अंगावर यायचो. म्हणजे अर्धं दुखणं थायरॉइडचं होतं आणि अर्धं खरोखरच ताणाचं. कागदावर आकडा आला तो एकाच अर्ध्याचा. तुझ्या कागदावर कशाचाच आला नाही, एवढाच काय तो आपल्यातला फरक.

तू तपासण्या करून घेतल्यास ते उत्तमच केलंस. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ हे पाहिल्याशिवाय कोणाच्याही थकव्याला ‘टेन्शन’ म्हणू नये. पण ‘नॉर्मल’चा अर्थ तपासलेल्या गोष्टी ठीक आहेत, इतकाच. थकवा मोजणारी रक्ताची चाचणी अजून कोणी काढलेली नाही. एक गोष्ट मात्र वहिनीला विचार : झोपेत घोरता घोरता मध्येच तुझा श्वास अडकल्यासारखा होतो का? तसं असेल तर ते रक्तात दिसत नाही, त्यासाठी झोपेची वेगळी तपासणी करावी लागते.

सगळं ताणावर ढकलायची खोड काही माझी एकट्याची नाही. पोटातला अल्सर हा चिंता करणाऱ्यांचा आजार, असं वैद्यकशास्त्र कितीतरी वर्षं धरून चाललं होतं. 1980च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिलं, की बहुतेक वेळा त्यामागे एक जिवाणू असतो. मार्शलने तर 1984 साली ते जिवाणू स्वतःच पिऊन पोट बिघडवून घेतलं, आणि 2005 साली दोघांना नोबेल मिळालं. इतकी वर्षं किती रुग्णांना ‘जरा शांत राहायला शिका’ एवढंच सांगून घरी पाठवलं असेल, कोण जाणे.

पण म्हणून ताण हे थोतांड नाही. उलट्या बाजूची चूकही तितकीच मोठी, आणि तू आत्ता तीच करतो आहेस : जिवाणू नाही, आकडा नाही, म्हणजे काहीच नाही.

काका अंथरुणाला खिळल्यापासून आठ महिने तू काय करतो आहेस? तू लिहिलंस, ‘तसं फार काम नसतं, बसूनच तर असतो.’ बसून नसतोस रे. कान टवकारून असतोस. आतल्या खोलीत खोकल्याचा आवाज आला की उठायच्या तयारीत. ऑफिसात फोन वाजला की ‘घरचा नसू दे’ म्हणत. ही तयारी फुकट होत नाही. मेंदूला धोक्याची चाहूल लागली की अ‍ॅड्रिनलिन सुटतं, काळजाचे ठोके वाढतात, स्नायू आवळतात, रक्तदाब चढतो. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे ताणाचं हॉर्मोन येतं आणि रक्तातली साखर वाढवतं, पळायला किंवा झुंजायला इंधन हवं म्हणून. आणि त्या घडीला नड नसलेली कामं शरीर बाजूला ठेवतं. वॉल्टर कॅनन नावाचा अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ 1890च्या दशकाच्या अखेरीस क्ष-किरणांखाली मांजराच्या पोटाची हालचाल बघत होता. मांजर बिथरलं की हालचाल थांबायची, शांत झालं की पुन्हा सुरू. तुझं पोट हल्ली बिघडलेलं असतं म्हणतोस, त्याचा धागा इथे असू शकतो.

ही सगळी यंत्रणा दहा-पंधरा मिनिटांच्या संकटासाठी झकास आहे. आठ महिन्यांसाठी ती नाही. हान्स सेल्ये या संशोधकाने 1936 साली उंदरांवरच्या प्रयोगांचं एक छोटंसं टिपण छापलं. थंडीत ठेवा, दमेपर्यंत पळवा, नाहीतर काही विषारी टोचा. त्रास कोणताही असो, शरीरात दिसणारी खूण एकच. अ‍ॅड्रिनल ग्रंथी (अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल तयार करणाऱ्या) फुगलेल्या, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस आक्रसलेली, जठरात व्रण. आणि क्रमही तोच : आधी धोक्याची घंटा, मग बराच काळ निभावून नेणं, शेवटी हात टेकणं. मला यातला मधला टप्पा फार ओळखीचा वाटतो. त्या टप्प्यात माणूस बाहेरून छान दिसतो. ‘कमाल आहे तुझी, सगळं कसं सांभाळतोस’ असं लोक म्हणतात, आणि आपणही ते खरं मानून बसतो.

बोटावरचं खरचटलेलं तीन आठवडे झाले तरी भरेना, हे तू गमतीत लिहिलंस. साखर नॉर्मल आहे म्हणून मीही ते हसण्यावारी नेलं असतं, पण एक अभ्यास आठवला. 1995 साली अमेरिकेत स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या 13 बायका आणि त्याच वयोगटातल्या, तसली जबाबदारी नसलेल्या 13 बायका घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम सरासरी नऊ दिवस उशिरा भरली. माणसं मोजकीच, पण मला तो आकडा विसरता येत नाही. त्या बायकांनाही कोणी विचारलं असतं, तर ‘तसं फार काम नसतं’ असंच म्हणाल्या असत्या. (बोट तरी एकदा दाखवून घेच. त्याला औषध लागत असेल तर माझं पत्र पुरायचं नाही.)

आता तुझा खरा प्रश्न. ‘ओझं उचललं नाही, मैलभर चाललो नाही, तरी संध्याकाळी हातपाय का गळतात?’ लोकांना वाटतं, विचार करून करून मेंदू ताकद संपवतो. तसं नाही. मेंदू बसल्या जागीही शरीराच्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा खातो, आणि डोकं चालवल्याने त्यात फारशी भर पडत नाही. मग होतं काय? ब्रिटनमधल्या काही संशोधकांनी 2009 साली लोकांना दीड तास डोक्याला ताण देणारं काम दिलं आणि नंतर व्यायामाच्या सायकलवर बसवलं. आणखी एका दिवशी त्याच माणसांना आधी साधी माहितीपटाची फिल्म दाखवून मग बसवलं. डोकं शिणलेल्या दिवशी ती माणसं लवकर थांबली. गंमत म्हणजे हृदय आणि स्नायू दोन्ही दिवशी सारखेच चालत होते. बदललं होतं ते त्यांना ‘किती जड जातंय’ ते. वजन तेच, पण उचलणाऱ्याला ते जड लागतं. तेव्हा तुझे हातपाय खोटं बोलत नाहीत. त्यांच्यापर्यंत येणारा हिशेबच वाढीव लागतोय.

आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक असावं. दमलेला माणूस घटकाभर टेकला की उठतो. थकलेल्याला रात्र लागते. आणि शिणलेला? ‘जीव शिणला’ म्हणतो आपण, हात शिणले असं सहसा म्हणत नाही. तू शिणला आहेस, आणि दमल्यावरचे उपाय करतो आहेस. रविवारी दुपारी तीन तास आडवा पडतोस आणि उठल्यावर आणखी जड होतोस. कारण आडवं पडूनही कान आतल्या खोलीकडेच असतात. शरीर पडलेलं, पहारा चालूच.

पहाटे तीनची जाग मला तोंडपाठ आहे. त्या वेळी प्रत्येक गोष्ट आहे त्याच्या दुप्पट दिसते. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण कोणीतरी पहाटे तीनलाच केली असणार. मग सकाळी डोळे उघडेनात म्हणून कॉफी, दुपारी परत कॉफी, संध्याकाळी आणखी एक. शरीरातली निम्मी कॅफीन उतरायलाच चार-सहा तास जातात, म्हणजे संध्याकाळचा कप मध्यरात्री तुझ्यासोबत जागा असतो. यावर मी तुला ओरडणार नाही. मी स्वतः दुपारनंतरची बंद करायला चार महिने घेतले.

आणि हो, त्या ‘अ‍ॅड्रिनल फटीग’च्या गोळ्या मागवू नकोस. अ‍ॅड्रिनल ग्रंथी खरोखर निकामी होण्याचा आजार आहे, तो गंभीर असतो आणि त्याच्या नेमक्या तपासण्या आहेत. पण ‘ताणाने ग्रंथी दमल्या’ असं जे विकतात, त्या नावाचा आजार हॉर्मोनचे डॉक्टर मानत नाहीत. तुझ्या ग्रंथी ठीक आहेत. दमला आहे तो माणूस.

मला कशाने बरं वाटलं ते विचारलंस. खरं सांगायचं तर मोठ्या गोष्टींनी नाही. ध्यानाचा वर्ग मी आठवड्यात सोडला. डोळे मिटले की ऑफिसच दिसायचं. श्वास सावकाश सोडण्याने मात्र फरक पडला. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, म्हणून सोडायला जास्त वेळ द्यायचा, बस. काकांचं औषध देऊन झालं की दाराशी उभ्या उभ्या दहा वेळा कर. दिवसातून कधीतरी जबड्याकडे लक्ष दे. दात एकमेकांवर आवळलेले सापडतील. सैल सोड, मिनिटाने पुन्हा आवळलेले सापडतील, पुन्हा सोड. आणि अर्धा तास बाहेर चालायचं, फोन घरी ठेवून. पहिले काही दिवस मी चालत नव्हतो, पळून आल्यासारखा अपराधी वाटत होतो. ते हळूहळू गेलं.

एक विचारतो, स्पष्ट उत्तर दे. थकव्याबरोबर दुसरं काही आहे का? पूर्वी आवडायचं त्यातलं काहीच आवडेनासं झालंय, दोन आठवड्यांहून जास्त दिवस मनावर मळभ आहे, आपण नसतो तर बरं असं कधी मनात येतं? आलं असेल तर ते शिणणं नव्हे, ती डॉक्टरकडे जायची गोष्ट आहे, आणि लगेच. मी सोबत येईन. जबड्याच्या गोष्टी मग नंतर बघू.

आता काका. तू लिहिलंस, ‘त्यांना माझ्याशिवाय कोणाची सवय नाही.’ असेल. पण कॉलेजात असताना त्यांनी मला तुझ्यापेक्षा जास्त वेळा रागावलंय, तेव्हा माझी सवय त्यांना जुनीच आहे. मी शुक्रवारी संध्याकाळी येतो, रविवारी जातो. दोन्ही रात्री त्यांच्या खोलीत मी झोपणार. रात्रीची औषधं कोणती, किती वाजता, कुशीवर कसं वळवायचं आणि ते उठवतात तेव्हा बहुतेक वेळा काय हवं असतं, एवढं एका कागदावर लिहून ठेव. मोठ्या अक्षरात लिही, माझा चष्मा बदलायचा राहिलाय.

तू माळ्यावरच्या खोलीत झोपायचं, दार लावून. खोकला ऐकू येणार नाही इतकं लांब. पहिल्या रात्री तुला झोप लागणार नाही याची मला खात्री आहे. दुसऱ्या रात्रीचं बघू.

तुझा,
जुना खोलीसोबती