फोटो हलतो तो कॅमेऱ्यामुळे नव्हे, १/६० मुळे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर नुकतेच एका वाचकाचे पत्र आले होते. सेकंडहँड सोनी अल्फा ६००० घेतला, मंगल कार्यालयातले फोटो हलले, बॅटरी जेवणावळीआधीच संपली, तेव्हा यापेक्षा मोबाइल बरा, असे त्यांचे म्हणणे. तक्रारी खऱ्या आहेत, निदान मात्र चुकले आहे. हा कॅमेरा २०१४ चा असला तरी जुन्या बाजारात अजून हातोहात फिरतो आणि नवा मालक पहिल्या महिन्यात नेमक्या याच तक्रारी घेऊन येतो. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी फोटो का हलतात ते पाहू. बहुतेक लोक डायल ‘ए’ किंवा ‘पी’वर (यात शटरचा वेग कॅमेराच ठरवतो) आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) ऑटोवर ठेवतात. अशा वेळी सभागृहाच्या उजेडात हा कॅमेरा शटर १/६० सेकंदावर नेऊन ठेवतो. किमान शटर स्पीड ठरवून देण्याची सोय या मॉडेलच्या मेन्यूत नाही, ती पुढच्या अल्फा ६३०० मध्ये आली. लेन्समधले स्टॅबिलायझेशन आपल्या हाताचा कंप सांभाळते, अक्षता टाकणाऱ्या मावशींचा हात थांबवत नाही. म्हणून मागची भिंत लख्ख आणि माणसे पुसट असा फोटो येतो. उपाय सोपा आहे. डायल ‘एस’वर न्यायचा (यात शटरचा वेग आपण ठरवतो), विधींसाठी १/१०० ते १/१६०, हळदीच्या धांगडधिंग्यासाठी १/२५०, आणि ऑटो आयएसओची वरची मर्यादा ३२०० किंवा ६४००. ६४०० ला दाणे दिसतील, पण दाणेदार फोटो अल्बममध्ये खपतो, हललेला खपत नाही.

यात एक मेख आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. १/१०० मध्ये असा एक ठोका पूर्ण मावतो. १/२५० मध्ये ठोक्याचा तुकडाच सापडतो, त्यात शटरचे पडदे सेन्सरवरून सरकत जातात, म्हणून एका फोटोत वरचा भाग पिवळट, दुसऱ्यात खालचा काळपट. लोक याला ‘सेन्सर गेला’ म्हणतात. सेन्सरला काही झालेले नसते. कार्यालयात पोहोचल्यावर पांढऱ्या भिंतीचे १/५०० ला चार-पाच फोटो काढावेत. पट्टे दिसले तर त्या दिवशी १/१०० सोडू नये. या कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय नाही.

दुसरा दोष बॉक्समधल्या १६-५० मिलिमीटर झूम लेन्सच्या वाट्याला जातो. वजन ११६ ग्रॅम, बंद केली की जेमतेम ३ सेंमी जाडीची चकती, खिशात मावते हे खरे. पण १६ ला एफ ३.५ असलेली ही लेन्स ५० ला एफ ५.६ वर येते (एफचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी), म्हणजे झूम करताच उजेड अडीचपट घटतो. त्याच ५० मिलिमीटरला एफ १.८ ची साधी फिक्स लेन्स लावली तर ५.६ च्या जवळजवळ दसपट उजेड आत येतो. कॅमेरा बदलण्याआधी लेन्स बदला, असे जाणकार सांगतात ते या हिशेबावर.

आतला फ्लॅश अगदी छोटा, गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचे माप) ६. आयएसओ १०० आणि एफ ३.५ ला त्याची पोच पावणेदोन मीटरही नाही. आयएसओ ४०० केले की दुप्पट. छत बुटके व पांढरे असेल तर बोटाने फ्लॅशचे डोके मागे दाबून उजेड छताकडे वळवता येतो, पण तेव्हा आयएसओ वाढवावाच लागतो. बाहेरचा फ्लॅश वापरताना शटर १/१६० च्या वर नेऊ नये. आणि ‘एम’वर (यात सगळे आपणच ठरवतो) साधा मॅन्युअल फ्लॅश लावल्यावर व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) काळा झाला तर घाबरू नये, मेन्यूतले ‘लाइव्ह व्ह्यू डिस्प्ले’ हे ‘सेटिंग इफेक्ट ऑफ’ करावे, चित्र परत दिसते.

आता बॅटरी. कंपनीचाच आकडा स्क्रीनवर ३६० आणि व्ह्यूफाइंडरवर ३१० फोटो असा आहे, बॅटरी १०२० एमएएचची. लग्नाच्या दिवसाला एक बॅटरी कशी पुरेल? तीन लागतातच. शिवाय बॅटरीचा खर्चही बराच फुकटचा असतो. कॅमेरा गळ्यात लटकतो, व्ह्यूफाइंडरचा सेन्सर सदऱ्याला डोळा समजतो आणि यंत्र जागे राहते. स्क्रीन वर वळवून पोटाशी धरली की ती अचानक काळी पडते, त्याचेही कारण हेच. ‘फाइंडर/मॉनिटर’ ऑटोवरून काढून एखाद्या बटनावर नेमावे (कचरापेटीचे बटन फोटो काढताना सी२ म्हणून मोकळेच असते). ‘प्री-एएफ’ (बटन न दाबताच फोकस शोधत राहणे) बंद, एअरप्लेन मोड चालू, पॉवर सेव्ह १ मिनिट, एवढ्याने फरक जाणवतो. केबलने कॅमेऱ्यातच चार्ज करायचे तर पाच तासांच्या आसपास लागतात, तेही कॅमेरा बंद ठेवून. वेगळा चार्जर घेणे अपरिहार्य.

स्वस्तातल्या बॅटऱ्या फुगतात आणि खाचेत अडकून बसतात. घालण्याआधी बॅटरी काचेच्या टेबलावर आडवी ठेवून टिचकी मारावी. भोवऱ्यासारखी गरगर फिरली तर पोट आले आहे असे समजून बाजूला काढावी. अडकलेली बॅटरी सुरीने उचकटू नये, सेलला भोक पडले तर पेट घेऊ शकते.

लेन्स काढली की या जातीच्या कॅमेऱ्यात सेन्सर उघडाच दिसतो. मध्ये आरसा नाही आणि बंद असतानाही शटर उघडे. म्हणून लेन्स बदलताना कॅमेरा आधी बंद करायचा, तोंड जमिनीकडे, पंखा बंद. धूळ बसली का हे एफ १६ ला मोकळ्या आभाळाचा फोटो काढून कळते: करड्या रंगाचे, कडा विरलेले टिपके दर फोटोत त्याच जागी. मग मेन्यूतला ‘क्लीनिंग मोड’ लावावा (बॅटरी बऱ्यापैकी भरलेली हवी), सेन्सर थरथरून थांबला की कॅमेरा बंद करून रबरी ब्लोअरने हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचा थेंब धुळीपेक्षा चिवट. हवेच्या दाबाचा स्प्रेही नको. टिपका तरीही राहिला तरच ओला स्वॅब, एका स्वॅबने एकदाच एका दिशेने.

धुळीपेक्षा आपल्याकडे मोठा शत्रू ओल. कोकणात, मुंबई-ठाण्यात पावसाळ्याचे चार महिने कपाटात, त्यातही चामड्याच्या केसमध्ये ठेवलेली लेन्स बुरशीला आमंत्रणच. लेन्स हातात घेऊन मागून मोबाइलचा टॉर्च तिरका धरावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बारीक तंतू कडेकडून आत पसरलेले दिसले तर ती बुरशी. लवकर साफ केली तर काच वाचते, उशीर झाला की कोटिंग खाल्लेले राहते. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर झाकणाला रबर असलेला ८-१० लिटरचा डबा, आत पाव किलो नारिंगी सिलिका जेल (ओल शोषणारे मणी) आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. तीसच्या खाली नेऊन रबर सुकवण्यात शहाणपण नाही. मणी हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास. जास्त तापवले तर ते काळपट पडून निकामी होतात. निळे मणी कोबाल्टचे असतात, ते स्वयंपाकाच्या भांड्यात परतू नयेत. तांदूळ नको, त्याची भुकटी बटनांच्या फटीत जाते. डांबरगोळ्यांनी हवा कोरडी होत नाही. एसी गाडीतून पावसात उतरताना कॅमेरा झिपच्या पिशवीत तसाच अर्धा तास राहू द्यावा, दव काचेऐवजी पिशवीवर बसते.

जुना घेणाऱ्यांसाठी: १६-५० लेन्स लावून कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करावा, पाच वेळा तोंड वर, पाच वेळा खाली. झूम मोटरचा आवाज अडखळला, किंवा नळी अर्ध्यात थांबली, तर ती लेन्स फुकट मिळाली तरच घ्यावी. समुद्रावरच्या रेतीचा एक कण, किंवा बॅगेत बाहेर आलेल्या नळीवर पडलेला दाब, एवढे तिला पुरते आणि दुरुस्तीच्या खर्चात दुसरी जुनी लेन्स येऊन जाते. १६ ला काढलेल्या रॉ (कॅमेऱ्याने न सुधारलेल्या) फाइलमध्ये कडा वाकड्या व कोपरे काळे दिसले तर मात्र तो बिघाड नव्हे. जेपेगमध्ये कॅमेरा ते स्वतः सरळ करतो, रॉसाठी सॉफ्टवेअरमधले लेन्स प्रोफाइल चालू करावे लागते. शटर किती वेळा उडाले तो आकडा ताज्या फाइलच्या एक्झिफमधून (फोटोसोबत साठवलेल्या माहितीतून) वाचता येतो. विक्रेत्यासमोर एक फोटो काढून फाइल घरी न्यावी. आणि व्ह्यूफाइंडर धूसर आहे म्हणून भाव पाडण्याआधी त्याच्या शेजारचे चष्म्याचा नंबर जुळवायचे बारीक चाक फिरवून पाहावे. ते बॅगेत आपोआप फिरते.

पत्रलेखकाची एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे. या कॅमेऱ्याला पूर्ण मूक शटर नाही. नाटकाच्या अंधारात, मैफलीत आलाप रंगला असताना किंवा हॉलमध्ये श्रद्धांजलीच्या दोन मिनिटांत त्याचा ‘खटॅक’ तिसऱ्या रांगेपर्यंत जातो आणि मेन्यूत त्याला औषध नाही. तिथे खिशातला मोबाइलच काढावा.

कळावे,
आपला एक वाचक, ठाणे