डॉ. ई. मोझेस मार्गावरचा 'ई' : मुंबईच्या महापौरांना खुले पत्र

माननीय महापौर,
बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,

सप्रेम नमस्कार, आणि आमच्या घरच्या रीतीने शालोम.

गेल्या महिन्यात वडिलांच्या वर्षदिनाला मी ठाण्याहून महालक्ष्मीला आले. स्टेशनबाहेर टॅक्सी केली आणि सांगितलं, "डॉ. ई. मोझेस रोड, ज्यू लोकांच्या कबरस्तानापाशी." टॅक्सीवाला साताऱ्याकडचा तरुण मुलगा होता. थोडं पुढे गेल्यावर त्यानं विचारलं, "मावशी, ई म्हणजे ईस्ट ना? मग वेस्टचा मोझेस रोड कुठंय? मला कधी दिसलाच नाही."

मी म्हटलं, "बाळा, ई म्हणजे एलिजा. डॉक्टर एलिजा मोझेस. मुंबईचे महापौर होते ते."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "मग पाटीवर तसं लिहीत का नाहीत?"

त्याचा हा प्रश्न मी आपल्याकडे घेऊन आले आहे. मी महापालिकेच्याच शाळेत अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं. मुलानं सरळ प्रश्न विचारला तर त्याला सरळ उत्तर द्यायचं, ही माझी जुनी सवय आहे. या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्या हातात नाही, ते आपल्या हातात आहे.

आधी माणूस कोण ते सांगते. मुंबईत महापौर हे पद १९३१ साली आलं. त्याआधी महापालिकेच्या प्रमुखाला अध्यक्ष म्हणत. त्या काळी महापौर वर्षभरासाठी निवडला जाई. १९३५-३६ साली महापौर होते खुर्शेद नरिमन, ज्यांच्या नावाचा नरिमन पॉइंट साऱ्या जगाला ठाऊक आहे. त्यांच्यानंतर जमनादास मेहता आले. १९३७-३८ साली डॉ. एलिजा मोझेस आणि १९३८-३९ साली सुलतान चिनॉय. पारशी, हिंदू, यहुदी, मुसलमान, चार वर्षांत चार जण एकाच खुर्चीवर बसले. आज आपण ज्या खुर्चीवर आहात, तिचा हा पूर्वेतिहास आहे. मला तो फार मोलाचा वाटतो.

आता ते साल जगाच्या नकाशावर ठेवून बघा. जर्मनीत १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी यहुद्यांचं नागरिकत्व काढून घेतलं होतं. मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या आणि व्हिएन्नातल्या यहुद्यांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना, बायांना, भर रस्त्यावर गुडघ्यांवर बसवून हातानं फरशा घासायला लावलं. भोवती लोक उभे राहून हसत होते. त्याच वर्षीच्या ३० सप्टेंबरपासून जर्मनीतल्या सगळ्या यहुदी डॉक्टरांचे परवाने रद्द झाले. यहुदी डॉक्टरनं जर्मन रोग्याची नाडी बघणं हा गुन्हा ठरला. आणि नेमक्या त्याच काळात आपल्या मुंबईनं एका यहुदी डॉक्टरला आपला पहिला नागरिक निवडलं होतं. व्हिएन्नात आमच्या धर्माचे लोक रस्ते घासत होते. मुंबईनं आमच्या माणसाचं नाव रस्त्याला दिलं. हे लिहिताना आजही माझा हात थांबतो.

त्या दिवसांत युरोपातून जीव वाचवून आलेली यहुदी कुटुंबंही मुंबईच्या बंदरात उतरत होती. त्यांच्या मदतीसाठी १९३४ सालीच इथे ज्यूइश रिलीफ असोसिएशन उभी राहिली होती. बोटीवरून उतरलेल्या एखाद्या माणसाला कुणी सांगितलं असेल, या शहराचा मेयर यहुदी आहे, तर त्याला काय वाटलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करते.

आमची आजी 'महापौर' म्हणत नसे. "आपला डॉक्टर मुंबईचा मेयर होता," असं ती म्हणे. 'आपला' या शब्दावर तिचा आवाज जरा वर चढे. चार घरं पलीकडचा एखादा मुलगा शाळेत पहिला आला की बायका बोलतात ना, तसा. आमचा समाज लहान. मुंबईतल्या लाखो लोकांत मूठभर. पण मुंबईनं त्या मुठीतला माणूस उचलून वर ठेवला, हे तिला शेवटपर्यंत पुरलं. त्यांच्या नावाची हश्काबा मशिदीत वाचली जाई तेव्हा ती बसलेली असली तरी उठून उभी राहत असे. हश्काबा म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना. आणि आम्ही आमच्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणतो, पिढ्यान्पिढ्या. मांडवीच्या सॅम्युअल स्ट्रीटवरची आमची पहिली मशीद १७९६ सालची. कंपनीच्या फौजेतले सॅम्युअल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी ती बांधली. मशीद बंदर स्टेशनाचं नाव तिच्यावरूनच पडलं, असं आमच्यातले जुने लोक सांगत.

आता 'आमचे लोक' म्हणजे कोण, हेही लिहिते, कारण ठाण्यात सोसायटीतल्या शेजारणींनाही मला हे दर वेळी समजवावं लागतं. यहुदी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ससून डॉक आणि डेव्हिड ससून लायब्ररी उभी राहते. नाही तर २६ नोव्हेंबर २००८ ची ती भयंकर रात्र आणि कुलाब्याचं नरिमन हाउस. ससून मंडळी बगदादहून आलेली. त्यांनी या शहराला भरभरून दिलं आणि त्यांची नावं दगडात कोरलेली आहेत, ते योग्यच. आम्ही मात्र कोकणातले. बेने इस्रायल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, त्यातून वाचलेल्यांचे आम्ही वंशज, अशी आमची परंपरा सांगते. गावागावांत तेलाचा घाणा चालवला, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोकांनी नाव ठेवलं शनिवार तेली. पेणकर, रोहेकर, किहीमकर, झिराडकर, नवगावकर, दिवेकर ही आमची आडनावं. गाव सुटलं तरी नावातून गेलं नाही. आमची घरची भाषा मराठी, आमची कीर्तनं मराठी. दारफाळणीचा सण, शिळा सण, नव्याचा सण, ही आमच्या सणांची जुनी नावं हिब्रू शिकायच्या आधीची आहेत. १८७५ साली हाईम सॅम्युअल किहीमकरांनी मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची एली कदूरी शाळा. मी तिथेच मुळाक्षरं गिरवली.

म्हणून त्या 'ई'चं मला इतकं लागतं. तो इंग्रजी अक्षराचा उच्चार म्हणून तिथे आला आणि तसाच राहिला. पण त्या अक्षरात एलिजा आहे, म्हणजे एलियाहू. एलियाहू हन्नाबी हा आमच्या घराघरांतला पैगंबर. लग्न असो, नवं घर असो, परीक्षेत पास झालेलं पोर असो, आम्ही मलिदा करतो. पोहे, गूळ, खोबरं आणि फळं ताटात मांडतो, सब्जाची डहाळी ठेवतो आणि एलियाहू हन्नाबीचं नाव घेतो. अलिबागजवळ खंडाळ्याला कातळावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत असं आम्ही मानतो आणि नवस फेडायला तिथे जातो. मुलाचं नाव एलिजा ठेवणाऱ्या आईबापांनी किती माया त्यात घातली असेल! ती सगळी माया आज एका टिंबापाठोपाठ उभी आहे, आणि टॅक्सीवाल्या पोराला ती 'पूर्व' वाटते.

त्याला बोल कशाला लावू? त्याच शहराच्या स्टेशनांच्या पाट्यांवर तो रोज 'ई' आणि 'डब्ल्यू' वाचतो. त्यानं जे बघितलं त्यावरून अंदाज केला.

रस्ताही काही लहानसहान नाही. महालक्ष्मीच्या बाजूनं निघतो, रेसकोर्स, फेमस स्टुडिओ, मिलच्या जुन्या जागा असं करत वरळी नाक्याला पोचतो. वरळी नाका म्हणजे आता आचार्य अत्रे चौक. अत्र्यांचं नाव पुरतं लिहिलेलं आहे म्हणून मेट्रोतून उतरणारं पोर निदान विचारतं तरी, हे अत्रे कोण. सात रस्त्याचं जुनं जेकब सर्कल लोक आमच्याकडे जोडतात, पण तो जेकब कंपनी सरकारातला इंग्रज अधिकारी होता, आमचा नव्हे. तिथे आता संत गाडगे महाराजांचं नाव आहे, आणि ते मला मनापासून आवडतं. ज्यांनी हातात खराटा घेतला त्यांचं नाव चौकाला, आणि ज्यांनी या शहराचं काम पाहिलं त्या डॉक्टरांचं नाव शेजारच्या रस्त्याला.

या रस्त्याचं आधीचं नाव हेन्स रोड. आमच्या घरात 'हेन्स रोड' म्हणजे कबरस्तानच. कुणी फार आजारी असलं की आजी हळू आवाजात म्हणे, "आता हेन्स रोडच्या वाटेवर आहे." आमचं कबरस्तान या रस्त्यावर आहे आणि वरळीची स्मशानभूमीही याच रस्त्यावर. हिंदू आणि यहुदी, दोघांचीही शेवटची वाट ही. कबरस्तानात जुन्या दगडांवर हिब्रूच्या खाली मराठी कोरलेलं आहे, काही ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं, पण अक्षर ठसठशीत. आपली माणसं गेली तर त्यांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, सगळं पुरतं लिहायचं, हा आमचा रिवाज. हश्काबा म्हणतानाही आम्ही माणसाला 'अमक्याचा मुलगा' म्हणून पुकारतो. अर्धं नाव घेऊन आम्ही कुणाला निरोप देत नाही.

न्यूयॉर्कमध्ये एड कॉच नावाचे महापौर होते, १९७८ ते १९८९. यहुदी घरातले, रस्त्यात लोकांना थांबवून "माझं कसं चाललंय?" असं विचारणारे. ते हयात असतानाच, २०११ साली, त्या शहरानं क्वीन्सबरो पुलाला त्यांचं नाव दिलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये ते गेले तेव्हा यहुदी समाजानं आणि बाकीच्या शहरानं मिळून शोक केला. आपल्या कबरीच्या दगडावर काय लिहायचं हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, आणि त्यात आपण यहुदी आहोत हे ठळक लिहिलं होतं. ते वाचलं तेव्हा मला आपले डॉक्टर आठवले. मुंबईनं हे काम त्यांच्या कितीतरी आधी केलं होतं. फक्त अर्ध्यावर सोडलं.

माझं मागणं मोठं नाही. रस्त्याचं नाव बदलू नका, उलट ते पुरतं करा. पाट्यांवर 'डॉ. एलिजा मोझेस मार्ग' असं लिहा आणि खाली बारीक अक्षरांत 'मुंबईचे महापौर, १९३७-३८'. महालक्ष्मी स्टेशनाच्या बाजूला एक फलक लावा, मराठीत, चार ओळींचा, टॅक्सीत बसल्या बसल्या वाचता येईल एवढ्या अक्षरांत. आणि एक काम जे बाहेरच्या कुणाला जमणार नाही, ते महापालिकेनंच करायचं आहे. १९३७-३८ सालची सभेची इतिवृत्तं आपल्या दप्तरात असतील. त्यातली डॉ. मोझेस यांची भाषणं काढा, मराठीत उतरवा आणि छापा. ते पाण्यावर काय बोलले, रोगराईवर काय बोलले, चाळींवर काय बोलले, हे महापालिकेच्या शाळेतल्या मुलांनी वाचलं पाहिजे. धडा म्हणून नको, गोष्ट म्हणून चालेल.

मी घाई करते आहे, त्याला कारण आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास आम्ही बेने इस्रायल सुमारे वीस हजार होतो. मग लोक इस्रायलला गेले. तिकडे बीरशेबात, अश्दोदमध्ये, डिमोनात आजही म्हाताऱ्या बायका मराठीत भांडतात आणि पुरणपोळ्या करतात. २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात यहुदी पाच हजारही भरले नाहीत. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं आम्हाला अल्पसंख्याकाचा दर्जा दिला, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण ज्या घरांत 'आपला डॉक्टर' हे शब्द ऐकू येत, ती घरं आता बंद आहेत. आमच्या मशिदीत शनिवारी दहा पुरुष जमवायला फोन करावे लागतात. दहा नसले तर कद्दीश, म्हणजे गेलेल्यांसाठी घरच्यांनी म्हणायची प्रार्थना, म्हणता येत नाही. उद्या डॉक्टरांसाठी उभं राहायला आमच्यातलं कुणी उरलं नाही, तर ते काम शहराच्या पाटीनं करायचं आहे.

फलक लावायचं ठरलं तर मला कळवा. आम्ही ठाण्याहून, भायखळ्याहून, पनवेलहून येऊ. मलिद्याचं ताट मी आणीन. आणि त्या टॅक्सीवाल्या मुलाला बोलवायचं आहे, त्याचा नंबर मी मागून घेतला आहे.

आपली,
महापालिका शाळेतली एक निवृत्त शिक्षिका,
बेने इस्रायल, मुंबईकर