आईबाप वाडीवर, पोर 'स्थलांतरित': बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

2022 साली इगतपुरी तालुक्यातली दहा वर्षांची एक कातकरी मुलगी दगावली. मेंढ्या वळायला तिला नगरकडे दिलेलं होतं. मग अशी आणखी मुलं उजेडात आली. थोडे पैसे आणि वर एखादी मेंढी, एवढ्यावर दिलेली. त्या बातम्या वाचून मी माझं जुनं हजेरीपत्रक काढलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. एका मुलाच्या नावापुढे मीच 'स्थलांतरित' लिहिलं होतं. त्याचा बाप मात्र वाडीवरच होता, रस्त्यात भेटला की रामराम करायचा. नऊ वर्षांचं पोर एकटं कसं स्थलांतर करील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. दिवाळीला तो आला तेव्हा विचारलं, तेही आईसमोर. "मामाकडं व्हतो." मी घरी आलो.

भारतीय न्याय संहितेचं कलम 143 स्पष्ट आहे: शोषणासाठी मूल नेताना त्याच्यावर ताबा असणाऱ्याची संमती पैसे देऊन मिळवली, तरी ती तस्करीच. मी ज्या प्रशिक्षणाला बसलो, तिथला तस्कर मात्र रेल्वे स्टेशनवरचा अनोळखी माणूस होता.

म्हणून मागणं साधं आहे. 'स्थलांतरित' या शेऱ्यापुढे 'कोणाबरोबर?' असा रकाना द्या. शिक्षक, आशाताई, अंगणवाडी सेविका, पोलीस यांना मुलाशी घरापासून दूर, एकट्यानं बोलायला शिकवा. "तुला विकलं का?" असं विचारलं की पोर मिटून जातं. आईवर त्याचा जीव असतो. शिवाय आपण गेलो म्हणून घरात तांदूळ आला, याचा अभिमानही असतो. झोपायचास कुठं, खायचास काय, घरची आठवण आली तर येऊ द्यायचे का, असं विचारत गेलं की हळूहळू कळतं.

आणि सुटकेनंतर? बापाकडून हमीपत्र घेऊन मूल त्याच घरी, त्याच उचलीत परत धाडायचं, याला पुनर्वसन म्हणू नका. पुनर्वसन म्हणजे वेठबिगारीचं मुक्ती प्रमाणपत्र, केंद्राच्या वेठबिगार पुनर्वसन योजनेतली मदत, वाडीवर रोजगार हमीचं काम, आणि वर्षभर त्या मुलाला भेटणारा एकच माणूस. दर खेपेला नवा साहेब नको. बापावर गुन्हा जरूर नोंदवा, पण पोर राबवून घेणाऱ्याला आधी धरा.

यंदाच्या पटावर दोन नावांपुढे तोच शेरा आहे. मुलांच्या हेल्पलाइनला, 1098 ला, फोन केलाय, उद्या वाडीवर जातोय. रकान्याचं तेवढं बघावं.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक, नाशिक जिल्हा