बाबा, इसार परत करा

एडिसन, न्यू जर्सी
6 ऑक्टोबर 2019

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

मेणवलीच्या वाटेवरच्या शेताला गिऱ्हाईक आले असून बाबांनी इसारही घेतला आहे, हे मला काकांकडून कळले. तुम्ही दोघांनी मला काही सांगितले नाही म्हणून मी रागावलेली नाही. पगारातून कपात सुरू झाल्याचे मी तरी तुम्हाला कुठे सांगितले होते? पण ते शेत माझ्या शिक्षणाच्या कर्जापायी विकायचे नाही. माझे ठरले आहे, कागदांवर सह्या झाल्या आहेत, आणि त्यात तुमच्या पैशांची गरज नाही.

काकांनी तुमच्यापुढे काय चित्र उभे केले असेल याची मला कल्पना आहे, म्हणून खरे काय ते लिहिते. हे कर्ज इथल्या केंद्र सरकारचे आहे. सलग 270 दिवस हप्ता गेला नाही की ते बुडीत धरले जाते, आणि मग आधी महिनाभराची नोटीस देऊन, कोर्टात न जाताही, सरकार कंपनीला पगारातून पैसे कापायला सांगू शकते. मात्र कर वगैरे वजा जाऊन उरलेल्या पगाराच्या 15 टक्क्यांहून अधिक त्यांना घेता येत नाही. दर पंधरवड्याला माझ्या हाती पंधराशे डॉलर येत, त्यातले आता 225 जातात. पगाराच्या चिठ्ठीवर करांच्या खाली एक ओळ वाढली आहे, एवढेच. या कपातीच्या कारणावरून नोकरीवरून काढायला कायद्याने बंदी आहे. कर्जावर सही माझी एकटीची आहे, जामीन कोणीही नाही, त्यामुळे वाईच्या घराच्या दाराशी कोणी येणार नाही. बाबा, तुम्ही पहाटे तीनला उठून ओसरीवर येरझाऱ्या घालता असे आई म्हणाली. ते कृपा करून थांबवा.

तुम्ही म्हणाल की एकरकमी भरून मोकळे झालेले काय वाईट? मीही तोच विचार करत होते. पण सगळी रक्कम भरली तरी कर्ज बुडवल्याची नोंद लगेच जात नाही. फक्त पुढे ‘फेडले’ एवढे लागते. ती नोंद पुसली जाते ती रिहॅबिलिटेशन नावाच्या करारानेच. त्यात दहा महिन्यांत नऊ हप्ते वेळेवर, आणि स्वतः होऊन, भरावे लागतात. पगारातून कापलेले पैसे त्यात धरत नाहीत. म्हणजे काही महिने दोन्ही बाजूंनी पैसे जातील, हे खरे आहे. पाच हप्ते नीट गेले की पगारातली कपात थांबवण्याची सोय आहे. हप्ता ठरवताना घरभाडे, किराणा, औषधे असा सगळा खर्च लिहून द्यावा लागला, आणि तो पाहून त्यांनी महिना 120 डॉलर ठरवले. तेव्हा शेत विकूनही जे साधणार नाही, ते या मार्गाने साधेल. ही संधी सहसा एकदाच मिळते, म्हणून एकही हप्ता चुकणार नाही अशी व्यवस्था मी बँकेत करून ठेवली आहे.

बाबा, हे सगळे तुमच्या बायपासमुळे झाले, असे पुन्हा म्हणू नका. त्या वर्षी मी वाईला राहिले ते माझ्या मनाने, आणि तसाच प्रसंग आला तर पुन्हा राहीन. आपण सगळे इथे राहत होतो तेव्हा पेट्रोल पंपावरच्या रात्रपाळीहून येताना तुम्ही माझ्यासाठी बेगल, म्हणजे तो कड्यासारखा पाव, आणायचात, आणि मी उठेपर्यंत गार होऊ नये म्हणून कोटाच्या आत छातीशी धरून आणायचात. कागदाचे तेल तुमच्या सदऱ्याला लागले म्हणून आई करवादायची. त्याचा हिशेब तुम्ही कधी मांडला नाहीत, तर मी का मांडू?

आता माझ्या राहण्याखाण्याची काळजी. जुने घर सोडून मी नागपूरच्या एका मुलीबरोबर राहू लागले आहे. खोली लहान आहे, पण खिडकी पूर्वेला आहे आणि हीटरचा खर्च भाड्यातच येतो. ओक ट्री रोडवर ज्वारीचे पीठ मिळते. भाकरी आई, तुझ्यासारखी फुगत नाही, पण खाल्ली जाते. गेल्या वर्षीचा कोट अजून चांगला आहे. या दिवाळीला मात्र मला येता येणार नाही. तिकिटाचे पैसे वाचवण्यापेक्षा, नव्या हप्त्यांच्या सुरुवातीलाच बिनपगारी रजा नको, हा माझा विचार आहे. वाईट वाटून घेऊ नका. अनारसे करून ठेवू नका, तुम्हीच खा. बाबांनी मात्र एकच.

आई, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू दिवाळीआधी काढून घ्यायचा आहे. मी पाठवलेले पैसे त्याचसाठी आहेत. ते मुदत ठेवीत टाकलेस तर मला पासबुकाच्या फोटोवरून कळेल. बाबांनी लोणचे आणि पापड बंद म्हणजे बंद करावेत, आणि रक्तदाबाची गोळी ‘आज बरे वाटते’ म्हणून चुकवू नये. इसार घेतला असला तरी साठेखत अजून झालेले नाही, असे काका म्हणाले. गिऱ्हाईक ओळखीतले आहे, तेव्हा काकांना मध्ये घालून, गोड बोलून, आलेली रक्कम जशीच्या तशी परत करा. त्याने थोडे जास्त मागितले तर मला सांगा, ते मी पाहीन. कोणत्याही कागदावर सही करण्याआधी मला फोन करा, इथे मध्यरात्र असली तरी.

परवा दसऱ्याला मी तुमच्या सकाळी फोन करीन. तेव्हा आधी इसाराचे काय झाले ते सांगा, मग बाकीचे.

तुमची,
मनू