सायकलच्या पुढच्या भागातल्या ‘खट्’ आवाजासाठी, दादा, मनापासून आभार

नमस्कार दादा,

कॅनडातल्या व्हिसलरच्या बाइक पार्कात येणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना तुम्ही दुरुस्तीच्या स्टँडपाशी उभं राहून जे मराठीतून समजावलंत, त्याचे हे जाहीर आभार. नाव नको म्हणालात, म्हणून नाव लिहिलेलं नाही. मात्र तुम्ही सांगितलेलं मुद्दाम सविस्तर लिहितो आहोत, म्हणजे पुण्या-मुंबईत डाउनहिल (डोंगरउतारावर चालवायची) सायकल बाळगणाऱ्यांनाही ते हाताशी राहील.

सर्वांत मोठं ऋण सायकलच्या पुढच्या भागातून येणाऱ्या त्या ठोक्याचं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवली की ‘खट्’ लागतं आणि बहुतेक जण थेट हेडसेटचं (हँडल ज्यावर फिरतं त्या सांध्याचं) बेअरिंग बदलायला घेतात. ठोका कुठून येतो ते आधी बोटाने शोधायचं, ही सवय तुम्ही लावलीत. खालचा क्राउन (फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, त्याचे पाय जोडणारी आडवी पट्टी) आणि फ्रेमची हेडट्यूब (पुढची उभी नळी) यांच्यामधल्या फटीवर बोट ठेवून हालचाल लागली, तर हेडसेट. स्टँचन (फोर्कची वरची गुळगुळीत नळी) जिथे धूळ-सीलमध्ये शिरतो तिथे लागली, तर फोर्कमधले बुश (स्टँचन ज्यांतून सरकतो ती कडी) झिजलेत. चाक उचलून रिम डावी-उजवीकडे ढकलल्यावर लागली, तर हबचं (चाकाच्या मध्यभागाचं) बेअरिंग किंवा ढिला ॲक्सल. कुठेच नाही लागली, तर ब्रेकचे पॅड कॅलिपरमध्ये (ते धरणाऱ्या पकडीत) केसभर हलत असतात आणि त्यात बिघाड काहीच नसतो. साध्या माउंटन बाइकवर चाक आडवं वळवून, ब्रेक न धरता हे तपासता येतं. डबल क्राउन फोर्क (हेडट्यूबच्या वर आणि खाली असे दोन क्राउन असलेला) तेवढा वळतच नाही, म्हणून ब्रेक सोडून चाक दोन्ही गुडघ्यांत पकडायचं आणि हँडल हलवायचं. ठोका गेला, म्हणजे तो पॅडचाच होता.

प्ले (ढिलेपणामुळे होणारी हालचाल) हेडसेटचाच निघाला तर पुढचं पाऊल अनेक जाणकारही चुकवतात. एरवी, म्हणजे एकाच क्राउनच्या फोर्कवर, स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट ढिले करून वरची कॅप आवळली की काम होतं. डबल क्राउनमध्ये वरचा क्राउन स्टिअररसोबत (हेडट्यूबमधून जाणारी फोर्कची नळी) दोन्ही स्टँचनही पकडून असतो. फक्त स्टिअररचा बोल्ट ढिला केला तर स्टँचन त्या क्राउनला जागचा हलू देत नाहीत, मग कॅप कितीही पिळा, बेअरिंगवर दाब येत नाही. म्हणून वरच्या क्राउनचे सगळे बोल्ट ढिले, खालचे घट्टच. कॅप थोडी थोडी आवळायची, प्ले गेला आणि हँडल मोकळं फिरतंय इथे थांबायचं, मग वरचे बोल्ट आळीपाळीने, टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या), कंपनीने त्या फोर्कसाठी दिलेल्या न्यूटन मीटरच्या आकड्यापर्यंत. ‘अंदाजाने’ हा शब्द इथे चालत नाही, हे तुम्ही ज्या पोटतिडकीने सांगता त्याबद्दल वेगळे आभार. स्टँचन क्राउनमधून किती वर काढायचे याची मर्यादा ओलांडली तर फोर्क पूर्ण दबल्यावर टायर खालच्या क्राउनवर आदळतो, आणि स्टँचनवरचे रबरी बंपर सरकलेले राहिले तर पडताना स्टँचन थेट फ्रेमवर बसतो. दोन्ही दर सकाळी नजरेखालून घालायचं.

ब्रेकच्या तक्रारींची तुम्ही केलेली विभागणी आम्हाला फार उपयोगी पडते. लिव्हर कायमच हँडलपर्यंत येत असेल तर ब्रेकच्या तेलाच्या लाइनमध्ये हवा आहे किंवा पॅड संपलेत. सकाळी ठीक, पण लांब उतारावर मऊ पडून थंड झाल्यावर परत येत असेल तर तेल उकळतंय. लिव्हर कडक आहे पण ब्रेक लागत नाही, तर पॅडवर तेल गेलंय किंवा ते काचेसारखे गुळगुळीत झालेत. इथे ब्लीड करून (लाइनमधली हवा काढून) काही मिळत नाही. ब्रेकचं डॉट ५.१ प्रतीचं तेल नवं असताना किमान २६० अंश सेल्सिअसला उकळतं, हवेतलं पाणी पिऊन मुरलं की ही मर्यादा १८० पर्यंत उतरते. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली म्हणूनच वापरू नये. ब्रेकच्या तेलाचा दुसरा प्रकार, मिनरल तेल, पाणी शोषत नाही, पण डॉटच्या ब्रेकमध्ये मिनरल किंवा उलट घातलं तर सील फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो. शिमानोच्या रोटरची (ब्रेकच्या चकतीची) जाडी १.५ मिलिमीटरवर आली की तो बदलायचा. मायक्रोमीटरने मोजून, डोळ्यांनी नाही.

मागच्या शॉकचं थोडक्यात: ७५ मिलिमीटर स्ट्रोकला (शॉक दबण्याच्या एकूण लांबीला) ३० टक्के सॅग (स्वार बसल्यावर होणारं दबणं) म्हणजे साडेबावीस मिलिमीटर, अंगावर पूर्ण संरक्षक गियर घालून मोजलेला. सॅग जुळवायला प्रीलोडच्या (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणाऱ्या रिंगच्या) दोन फेऱ्यांहून जास्त लागत असतील तर स्प्रिंगच मऊ आहे. प्रीलोड वाढवून ती कडक होत नाही, एवढंच पटायला आम्हाला किती समजवावं लागलं तुम्हाला!

रॉकशॉक्स कंपनीच्या फोर्कच्या खालच्या पायांचं (स्टँचन ज्यांत शिरतात त्या नळ्यांचं) तेल ५० तासांनी बदलायचं. डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टमध्ये बसलेला वेळ यात धरत नाहीत. दिवसाला निव्वळ तीन तास उतरणी धरली तर सतरा दिवसांत हे तास भरतात. ऑगस्टमधल्या पिठासारख्या धुळीत आम्ही त्याआधीच उघडतो, फोम रिंगा धुऊन ताज्या तेलात भिजवतो आणि पायाच्या बोल्टचे वॉशर नवे घालतो, कारण जुना वॉशर दाबला गेलेला असतो आणि तेल तिथूनच झिरपतं.

पार्क ऑक्टोबरच्या मध्यावर बंद झाला की आमच्यातल्या चौघांचे फोर्क एकदमच उघडायचे आहेत. बुशचा प्ले किती झाला की फोर्कचे खालचे पाय बदलायलाच हवेत, हे हात धरून दाखवायला तुम्ही याल का? सील, वॉशर आणि तेल आम्ही आणून ठेवतो.

तुमचे,
व्हँकुव्हर आणि सरे इथले मराठी सायकलस्वार