अंडपेशी दर महिन्याला ‘तयार’ होत नाही

महोदय,

आरोग्याच्या सदरांत ‘दर महिन्याला अंडाशयात नवी अंडपेशी तयार होते’ हे वाक्य हमखास वाचायला मिळते. ते चूक आहे, आणि त्या चुकीमुळे वयाचा मुद्दा वाचकापर्यंत पोहोचतच नाही.

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयातल्या आदिपेशी, म्हणजे अंडपेशींच्या मूळ पेशी, साध्या विभाजनाने वाढत जातात. पाचव्या महिन्यात त्या ६० ते ७० लाख असतात. त्यांचे अर्धगुणसूत्री, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे, विभाजनही तेव्हाच सुरू होते आणि जोडीतली गुणसूत्रे एकमेकांना धरून असतानाच थांबते. जन्माच्या वेळी उरतात १० ते २० लाख, वयात येईपर्यंत ३-४ लाख. त्यांतल्या आयुष्यभरात बाहेर पडतात जेमतेम ४००-५००.

दर महिन्याला घडते ते एवढेच: एलएच संप्रेरक एकदम वाढते आणि वर्षानुवर्षे थांबलेले विभाजन पुढे सरकते. साधारण ३६ तासांनी अंडपेशी बाहेर पडते, तोवर पहिले विभाजन उरकलेले असते. वाटणी मात्र समान नसते. २३ गुणसूत्रे आणि जवळपास सगळा पेशीद्रव अंडपेशीकडे, उरलेली २३ ध्रुवपिंड नावाच्या इवल्याशा पेशीत. टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली हाच ठिपका शोधतात. तो अंडपेशीच्या कडेला दिसला तर ती पक्व, नाहीतर कच्ची. अंडपेशी पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनची वेळ घड्याळ लावून पाळायला सांगतात ती यासाठीच. दुसरे विभाजनही मध्येच अडते. शुक्रपेशी आत शिरली तरच ते पुरे होते.

म्हणजे चाळिशीतल्या स्त्रीची अंडपेशीही चाळीस वर्षांची. गुणसूत्रांना बांधून ठेवणारी प्रथिने एवढ्या काळात झिजतात, जोडी नीट सुटत नाही, एखादे गुणसूत्र जास्त येते किंवा कमी पडते. २१ क्रमांकाचे जास्त आले की डाउन सिंड्रोम: आईचे वय २५ असताना सुमारे १२५० बाळांत एक, ३५ ला ३५० त एक, ४० ला १०० त एक. रक्ताची एएमएच चाचणी उरलेल्या अंडपेशींच्या साठ्याचा अंदाज देते. गुणसूत्रे शाबूत आहेत की नाहीत, हे तिला कळत नाही.

पहिल्या तीन महिन्यांतल्या निम्म्याच्या आसपास गर्भपातांमागे गुणसूत्रांचा असाच घोळ असतो. घरात मात्र तिलाच विचारतात, पपई खाल्लीस का, कळशी उचललीस का? निदान आपल्या सदरात तरी ‘तयार होते’च्या जागी ‘पक्व होते’ असे छापावे, ही कळकळीची विनंती.

– जीवशास्त्राच्या एक शिक्षिका, सातारा